आधी काचपट्टी, मग गोळी

अंगावरून पांढरं जातंय अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला तपासत बसू नये, सरळ गोळ्या द्याव्यात, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. ते आळसातून आलेलं नव्हतं, एवढं आधीच सांगते. काळेवाडीत दवाखाना चालवायचा म्हणजे गर्दी संध्याकाळी सातनंतर. कुणी चाकणच्या कंपनीत कंत्राटावर, बसमधून उतरून थेट आलेली. कुणी रहाटणी-पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांतली धुणीभांडी उरकून. खाडा झाला की पैसे कापले जातात. "रिपोर्ट उद्या मिळेल" म्हटलं की उद्या ती येत नाही. अशा बाईला आज, आत्ता, समोर पाण्याचा पेला ठेवून गोळी गिळायला लावावी, यातच शहाणपण आहे असं मी मानत होते.

सरकारी धोरणही माझ्याच बाजूचं. लक्षणांवरून उपचार करायच्या 'नॅको'च्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, पद्धतीत योनिस्रावासाठी हिरवं पाकीट आहे: सेक्निडॅझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम, एकदाच. ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी असो, जिवाणूंचं बिघडलेलं संतुलन असो की बुरशी, सगळ्यांचा बंदोबस्त एका दमात. जिथे मायक्रोस्कोपच नाही तिथल्या आरोग्य केंद्रासाठी ही योजना हुशारीची आहे. तिला मी आजही नावं ठेवणार नाही.

माझं मत हललं ते नवऱ्यांपायी. ट्रायकोमोनास असेल तर नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, नाहीतर बाईला तो पुन्हा होतो. पुरुषाला बहुधा काही त्रासच नसतो. म्हणजे ठणठणीत माणसाच्या हातात गोळ्या द्यायच्या आणि वर हा आजार शरीरसंबंधातून पसरतो हेही सांगायचं. एका खोलीच्या घरात, जिथे सासूच्या कानाआड काही ठेवता येत नाही. एकीनं मला सरळच विचारलं, "मॅडम, त्यांना तर काहीच होत नाही. गोळ्या दिल्या तर म्हणतील, तूच कुठून तरी आणलंस. मग मी काय सांगू?" तिनं काय सांगावं हे मला सुचेना, कारण तिला ट्रायकोमोनास आहे की नाही हे मला तरी कुठे ठाऊक होतं! असू शकेल, एवढंच. साधी बुरशी असती तर नवऱ्याला मध्ये आणायचं काही कारणच नव्हतं.

मग मी स्राव तपासायला पाठवू लागले. रिपोर्ट एकजात सारखे: ट्रायकोमोनास आढळले नाहीत. मला वाटलं, चला, आपल्याकडे हा फार नसावा. पण सॅम्पल नेणारा मुलगा चार दवाखाने फिरत, काळेवाडी फाट्याच्या गर्दीतून वाट काढत लॅबला पोचणार कधी आणि ते बघितलं जाणार कधी? हा जीव आकारानं साधारण पांढऱ्या पेशीएवढा. तो हलतो म्हणून ओळखू येतो. शरीराबाहेर थंड पडला की हालचाल मंदावते आणि तो पेशींच्या गर्दीत बेमालूम मिसळून जातो. एका तासाच्या उशिरानंही स्लाइडची पकड 20 टक्क्यांपर्यंत घटू शकते.

तेव्हा मायक्रोस्कोप तपासणीच्या खोलीतच, टेबलाजवळ आणून ठेवला. स्रावाचा थेंब, सलाइनचा थेंब, वर कव्हरस्लिप. बाई साडी सावरून बाहेर येईपर्यंत मी 10 च्या आणि मग 40 च्या भिंगाखाली बघून घेते. गोल, स्तब्ध पेशींमध्ये एखादी खड्ड्यांतून चाललेल्या रिक्षासारखी गचके खात पुढे सरकते. ती एकदा दिसली की शंका उरत नाही. 1836 साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड डोने यांनीही ती ताज्या स्रावातच पाहिली होती. शेजारी दुसऱ्या स्लाइडवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की बुरशीचे धागे उघडे पडतात, आणि पीएच कागदाला तर अर्धं मिनिटही लागत नाही. वेळ जातो हे माझं जुनं कारण इथेच निकालात निघालं.

"गोळी तर तीच ना शेवटी?" असं सहकारी विचारतात. तीच नाही. 2021 च्या अमेरिकी सीडीसीच्या मार्गदर्शनात ट्रायकोमोनास झालेल्या बाईला एका डोसऐवजी मेट्रोनिडॅझोल 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस सांगितलं आहे. नाव कळल्याशिवाय सात दिवसांच्या गोळ्या कुणाच्या माथी मारायच्या?

आणि गोळी तीच असती तरी नाव वेगळं असतंच. रात्री खाज सुटते म्हणून रडणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलीला आई घेऊन येते तेव्हा मुलीपेक्षा आईचाच चेहरा बघवत नाही. तिच्या मनात काय आलंय ते ती बोलत नाही. पुष्कळदा हे गुदद्वाराजवळ अंडी घालायला रात्री बाहेर येणारे बारीक पांढरे जंत असतात. तिथून ते पुढे सरकतात. सकाळी उठल्याबरोबर, शी-अंघोळीच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराजवळ दाबायची, काचेवर चिकटवून आणायची. अंडी दिसली की घरातल्या सगळ्यांना जंताचं औषध, नखं कापा, चादरी धुवा. पण त्याच वयाच्या मुलीच्या स्लाइडवर ट्रायकोमोनास दिसला, तर लैंगिक अत्याचाराचा संशय धरावाच लागतो आणि 2012 च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं मला बंधनकारक आहे. तक्रार एकच, खाज. इथे अंदाजानं गोळी देणारा डॉक्टर दोन्ही बाजूंनी घात करतो.

लक्षणांवर विसंबण्याची दुसरी अडचण राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत फार पूर्वी दाखवून दिली होती. दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी करून 1989 साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं: 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, तक्रार मात्र 55 टक्क्यांचीच, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. हे आकडे मला विद्यार्थिदशेपासून पाठ होते. ते बायकांच्या सोसण्याबद्दल आहेत असं मी समजत होते. माझ्या हिरव्या पाकिटाबद्दलही आहेत, हे उशिरा उमगलं. जी तक्रारच करत नाही तिच्यापर्यंत पाकीट पोचणार कसं?

स्लाइडचं कौतुक मी फार करत नाही. ताजी असली तरी ती 44 ते 68 टक्केच संसर्ग पकडते. म्हणून जी पुन्हा येणार नाही असं दिसतं तिला मी आजही हिरव्या पाकिटातल्याच गोळ्या देते. नवऱ्यासाठीच्या मात्र दिसल्याशिवाय देत नाही. यावर माझे एक डॉक्टर मित्र चिडतात: स्लाइडनं चुकवलेल्या बायकांचे नवरे तू मोकळे सोडतेस, बाई महिन्यात परत येईल. येते, कधीकधी. तिला स्लाइडपेक्षा जास्त संसर्ग पकडणाऱ्या न्यूक्लिइक ॲसिड चाचणीला पाठवायला हवं यावर आमचं एकमत आहे. चाचणीचे पैसे कंत्राटावरच्या बाईनं कुठून आणायचे, यावर दर भेटीत वाजतं.