मंद आच

बदलीच्या नोकरीत माणसाला दोन विद्या लवकर आत्मसात कराव्या लागतात : सामान बांधणे आणि सामान कमी करणे. पैकी दुसरीत आम्ही अद्याप कच्चेच आहो. त्यामुळे जबलपूरच्या कांचघर भागातील भाड्याच्या घरात आम्ही उतरलो, तेव्हा आमच्याबरोबर एक अशी वस्तू होती, की तिचे करावे काय हे तीन गावे फिरूनही ठरले नव्हते. अमेरिकेतून आमच्या चिरंजीवांनी मोठ्या प्रेमाने आणलेला विजेचा ‘स्लो कुकर’ तो हा. जाड मातीचे गुळगुळीत भांडे, त्याभोवती तापणारे कवच आणि वर काचेचे झाकण. त्याला तिकडची १२० व्होल्टची वीज मानवते, आपली २३० ची नव्हे. म्हणून सोबत एक ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला. तो कुकरापेक्षा जड. नवरीपेक्षा करवलीचाच थाट मोठा, तशातली गत.

आमच्या वडिलांच्या पिढीला ही कल्पना नवी वाटली नसती. बंगालचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास काढलेला इकमिक कुकर तेव्हा कित्येक सरकारी नोकरांच्या बिऱ्हाडात असे. खाली कोळशाचा निखारा, वर एकावर एक डबे. सकाळी लावून बाहेर पडावे आणि परत येऊन वरणभात गरम खावा. वडिलांचा तो कुकर आम्ही एका बदलीच्या वेळी भंगारात दिला. सामान कमी करण्याची विद्या आम्हाला साधली ती नेमकी तेथे, जेथे ती साधू नये.

या विजेच्या कुकराची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. तो काढला अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन ज्यू गृहस्थाने. त्याचे पेटंट १९४० सालचे. शब्बाथला ज्यूंना चूल पेटवता येत नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच लिथुआनियातील गावच्या भट्टीत भांडे ठेवून यायचे आणि दुसऱ्या दिवशी शिजलेले अन्न आणायचे, ही घरच्या वडीलधाऱ्यांची आठवण त्याच्या कानी होती. पुढे १९७१ पासून हेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ या नावाने अमेरिकेत घरोघर गेले आणि त्यात सर्वाधिक आवडीने जे पदार्थ शिजू लागले, त्यांत एक डुकराच्या मांसाचा! ज्यूंना जे मांस वर्ज्य, तेच त्यांच्या सणातून जन्मलेल्या भांड्यात. धर्म आणि भांडी यांचा संबंध वाटतो तितका सरळ नसतो, हे आम्हाला पुढे घरीच कळायचे होते.

आमच्या कुंपणापलीकडे एक वृद्ध अँग्लो-इंडियन गृहस्थ एकटे राहत. रेल्वेत गार्ड होते, म्हणून सारी गल्ली त्यांना ‘गार्डसाहेब’ म्हणे. १८७० साली मुंबईकडचा आणि कलकत्त्याकडचा लोहमार्ग जबलपुरात जुळला. त्या रुळांनी या गावात जी माणसे आणून सोडली, त्यांत त्यांचेही पूर्वज असावेत. पत्नी निवर्तलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. दोन वर्षांत आमचा त्यांचा संबंध नमस्कारापलीकडे गेला नव्हता. यात आमचा गर्व नव्हता. होती ती बदलीवाल्यांची जुनी सवय. ‘नाही तरी जायचेच आहे,’ हे आमचे तत्त्वज्ञान. पणजीस असतानाही शेजारून सोरपोतेलाचा वास येई, ते तिसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते असे शेजारी कौतुकाने सांगत, आणि आम्ही मान डोलावून नळाच्या चौकशीकडे वळत असू.

गेल्या खेपेच्या नाताळाच्या आठ दिवस आधी गार्डसाहेब फाटकाशी आले. आमच्याकडे ते भांडे आहे हे त्यांना मोलकरणीकडून कळले होते. त्यांची मुलगी नाताळात डुकराच्या खांद्याचे मांस रात्रभर शिजवून, काट्यांनी मोकळे करून पावाबरोबर वाढते. फोनवर ती वर्णन करते, हे ऐकतात. यंदा त्याच दिवशी तेच आपणही खावे, एवढीच त्यांची इच्छा. शिवाय दात राहिले नव्हते.

सौ. ऐकत होती. आमच्या घरात मटण होते, तेही वेगळ्या भांड्यात. डुकराचे नावही निघालेले नाही. तिने क्षणभर विचार करून सांगितले, “व्हरांड्यात लावा. स्वयंपाकघराचा उंबरठा मात्र ओलांडायचा नाही.” गार्डसाहेबांनी हात जोडले.

चोवीस डिसेंबरच्या रात्री नऊ वाजता सारे सिद्ध झाले. दोन किलोंचा खांदा. त्यास मीठ, गूळ, मिरी, तिखट आणि लसूण चोळलेली. तळाशी कांदे, वर थोडे व्हिनेगर. पाणी जवळजवळ नाही, कारण मांसच पाणी सोडते. खांदा घ्यायचा तो मुद्दाम. जनावराचे जे अंग आयुष्यभर राबते, ते चिवट असते. पण त्या चिवटपणातच गुण असतो. सत्तर अंशांच्या पुढे तासन् तास राहिले, की त्यातील चिवट तंतू विरघळून चिकट, मऊ होतात आणि नव्वदाच्या वर गेल्यावर मांस आपोआप सुटते. मंद आचेवर नऊ-दहा तास. झाकण मात्र उघडायचे नाही. एकदा उघडले की अर्ध्या तासाची ऊब जाते. गार्डसाहेब घरी गेले, आम्ही अंथरुणावर पडलो. ‘लावा आणि निजा’ हेच या यंत्राचे ब्रीद.

साडेअकराला वीज गेली. बारा झाले तरी आली नाही.

येथे प्रश्न केवळ चवीचा नव्हता. साठ अंशांच्या खाली कोमट राहिलेले मांस दोन तासांत धोक्याचे होते, आणि ते अजून तापलेही नव्हते. मातीचे भांडे विस्तवावर ठेवावे तर तडकणार. गार्डसाहेब बॅटरी घेऊन आले. त्यांनी झाकणावर हात ठेवून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “फेकून देऊ या, साहेब. मांसच आहे ते.”

हे वाक्य त्यांनी आमच्या सोयीसाठी उच्चारले होते. खरे सांगायचे तर आम्हाला ते सोयीचे वाटलेही. आत गॅस होता. पण शब्द दिलेला होता. ‘नाही तरी’ हे शब्द आमच्या ओठांवर आले होते.

इतक्यात सौ. बाहेर आली. तिच्या हातात जाड बुडाचे स्टीलचे मोठे पातेले होते. आम्ही ते ओळखले. आईने घेतलेले, दर होळीला ज्यात पुरणाची डाळ शिजते ते.

“अहो, थंडीची शेगडी पेटवा,” ती म्हणाली.

“अगं, पण हे पातेलं...”

“पातेलं घासता येतं.”

शेगडी पेटली. मांस पातेल्यात आले, वाटीभर पाणी पडले, एक चांगली उकळी आली, मग सौ.ने निखारे बाजूस सारून त्यांवर राख पसरली. पुढे पहाटेपर्यंत दर काही वेळाने कोणीतरी निखारा सारखा करायचा, पाणी आटले का पाहायचे. यंत्राने आम्हाला निजण्याची मुभा दिली होती. शेगडीने ती काढून घेतली. घोंगड्या पांघरून आम्ही तिघे बसलो. आम्ही कधी विचारले नव्हते ते सौ.ने विचारले : बाई कशा होत्या? आणि गार्डसाहेब बोलू लागले. रात्रपाळीवरून ते परतत तेव्हा विंदालूचे भांडे चुलीवर असे. त्या चुलीजवळच झोपी गेलेल्या असत. तेव्हा त्यांना उठवावे, दोन शब्द बोलावे, असे कधी सुचले नाही. ते एवढेच म्हणाले आणि निखाऱ्याकडे पाहू लागले. वीज तीनला आली. कोणीही उठून दिवा लावला नाही.

सकाळी मांस दोन काट्यांनी पिंजल्या कापसासारखे मोकळे झाले. चर्चमधून आल्यावर गार्डसाहेबांनी ते आमच्या व्हरांड्यातच पावाबरोबर खाल्ले आणि मुलीला फोन लावून बराच वेळ बोलले. आम्ही एक घास घेतला. त्याविषयी मत देण्याचा आम्हास अधिकार नाही. सौ.ने खाल्ले नाही. ती चहा घेऊन त्यांच्यासमोर बसली.

पातेले चिंच आणि राखेने तीनदा घासले गेले आणि फळीवर आपल्या जागी बसले. मार्चमध्ये होळी आली. आम्ही पाहत होतो, कोणते भांडे निघते ते. तेच निघाले. त्यात डाळ शिजली, पुरण झाले आणि पहिला नैवेद्य देवास दाखवून झाल्यावर दोन पोळ्या आणि वाटीभर तूप कुंपणापलीकडे गेले.

आमच्या बदलीचा हुकूम या महिन्यात अपेक्षित आहे. या खेपेस सामानातून ट्रान्सफॉर्मर कमी करावा असा विचार आहे. पातेले येईल. शेगडीही.