भात्याचं देणं

अंगणातली माझी भट्टी अगदी स्वस्तातली आहे. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आडवा कापलेला, आत माती ठासलेली, भंगारातला लोखंडी पाइप बाजूने सरकवलेला आणि पाइपाच्या बाहेरच्या तोंडाशी केस वाळवायचा ड्रायर. पण माती कोणती, पाइप किती उंचीवर, वारा किती, हे सगळं मला एका घिसाडी जोडप्याने, माझ्या मामा-मावशींनी, दिलं. त्याची किंमत कुठल्या दुकानात विचारणार?

बार्शी-लातूर रस्त्याच्या कडेला उन्हाळ्यात त्यांची पालं पडतात. मृगाआधी कुळवाच्या पासा शेवटून घ्यायला, कुऱ्हाडींना पाणी द्यायला शेतकऱ्यांची रीघ लागते. मी शाळेत विज्ञान शिकवते. ७७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाला चुंबक धरत नाही, हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. पालाशी थांबले ती मात्र मावशींमुळे. मामा सांडशीत लालबुंद पास धरून बसलेले, आणि मावशी पदर खोचून उभ्याने घण घालत होत्या. मामांच्या छोट्या हातोड्याची टिचकी जिथे पडेल तिथेच पुढचा घण. हातोडा नुसत्या ऐरणीवर वाजला की घण थांबला. तोंडाने एक शब्द नाही. हे काम आपल्याला यायला हवं असं मला फार आतून वाटलं आणि मी ते बोलून टाकलं.

“घणाला हात नंतर, ताई,” मावशी म्हणाल्या. “आधी भाता फिरव.”

त्यांचा भाता म्हणजे सायकलचं चाक, त्यावरून गेलेला पट्टा आणि पट्ट्यावर फिरणारा पंखा. भट्टी म्हणजे जमिनीतला खड्डा; वारा बाजूने येतो. लोणारी कोळसा वजनाला हलका. वारा जोराचा झाला की ठिणग्या उडतात, पोतं बघता बघता संपतं आणि उरलेला ऑक्सिजन थेट लोखंडाला भिडून त्याचे पापुद्रे सुटतात. वारा संथ असला की ऑक्सिजन खालच्या निखाऱ्यांतच खर्ची पडतो. वरच्या थरात लोखंड तापतं, पण खाल्लं जात नाही. म्हणून वाऱ्याच्या तोंडावर चांगला वीतभर कोळसा हवा. मावशींनी ते एका वाक्यात सांगितलं: “वारा निखाऱ्याला घाल, लोखंडाला घालू नको.” ज्वलनाचा धडा शिकवताना मी आता हेच वाक्य वापरते.

घरी भट्टी करते म्हटल्यावर मामा माझ्याबरोबर भंगारवाल्याकडे आले. जस्ताचा मुलामा असलेले चकचकीत पाइप त्यांनी आधी बाजूला काढले. जस्त तापलं की पांढरा धूर सुटतो, तो छातीत गेला की ताप भरतो. इंचभर पोकळीचा जुना काळा पाइप त्यांनी निवडला. ऐरण म्हणून मोडक्या घणाचं डोकं घेतलं. ते बाभळीच्या ओंडक्यात अर्धं गाडून दिलं. आमच्याकडची काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून मावशींनी पडक्या वाड्याची पांढरी माती आणायला सांगितली. तिच्यात राख आणि वाळू घालून त्यांनी ती भाकरीच्या पिठासारखी मळली. पाइप तळापासून चार बोटं वर ठेवला. माती सावलीत वाळू दिली आणि मग आधी नुसत्या काटक्यांचा मंद जाळ केला, आतली वाफ हळूहळू निघून जावी म्हणून. ड्रायर पाइपाला घट्ट बसवायचा नाही, थोडा लांब ठेवायचा. जास्तीचा वारा बाहेर सांडतो.

पाणी द्यायचं काम मामा भर उन्हात करत नाहीत. लोखंड किती तापलं ते रंगावरून कळतं, आणि उन्हात रंग फसवतो. ट्रकच्या जुन्या पाट्यातून केलेलं खुरपं माझ्या भट्टीत तापत होतं तेव्हा मी शाळेतलं चुंबक घेऊन बसले होते. मामा “झालं” म्हणाले. मी चुंबक लावून पाहिलं. ते धरलं नाही, म्हणजे पाणी द्यायची वेळ बरोबर होती. मला चुंबक लागलं, त्यांना डोळे पुरले.

या शिकवणीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. खुरप्याच्या पाच-दहा रुपयांवरून त्यांच्याशी घासाघीस करणारी माणसं पाहिली की मला राग येतो. कोळसा विकत आणावा लागतो, आणि मावशींचा उजवा खांदा आता वर जात नाही. त्यांची नात पालं इथे असतात तेवढे दिवस माझ्या वर्गात बसते. पालं उठताना तिचं शिक्षण हमी पत्रक मी स्वतः भरून हातात देते, म्हणजे पुढच्या गावच्या शाळेत तिला बसवून घेतील. फेडीचा विषय काढला तर मावशी म्हणतात, “ते तर तुझं कामच आहे, ताई.” बरोबरच आहे त्यांचं.

म्हणून मृगाआधीच्या गर्दीत शाळेला सुट्टी असते तेव्हा मावशींचा घण मी घेते. संध्याकाळी त्या दिवसाच्या मजुरीतला वाटा माझ्या पिशवीत टाकू बघतात. मी घेत नाही. यावरून आमचा दर उन्हाळ्यात वाद होतो, आणि या एका बाबतीत मी त्यांचं ऐकणार नाही.