अण्णांचं बोट

१६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण मी आमच्या अण्णांच्या मणक्यातून पाहिलं. म्हणजे त्यांच्या एक्स-रेच्या काळ्या फिल्ममधून. (तसं पाहू नये, डोळे जातात, हे नंतर कळलं.) एरवी ती फिल्म कपाटावर, सणावाराच्या पातेल्यांशेजारी खाकी पाकिटात असायची.

अण्णा छापखान्यात कंपोझिटर. दिवसभर उभं राहून शिशाचे खिळे जुळवायचे आणि रात्री कमरेखाली, डाव्या बाजूला, एक बोट टेकवून म्हणायचे, "इथं."

आजीचं निदान ठरलेलं : उसण भरली. मग गल्लीतल्या पायाळू पोराला बोलावणं जायचं. अण्णा पालथे पडत, पोरगं लाजत लाजत पाठीला पाय लावी आणि चहा-बिस्कीट खाऊन जाई. उसण तिथंच असे. पण पोराचा मान राखायला अण्णा "हलकं वाटतंय" म्हणत. पुढे निर्गुडीचा शेक, ओव्याची पुरचुंडी, आणि "वात असेल" म्हणून सोडून देणं.

एक्स-रे निघाला तो फार उशिरा, तालुक्याला जाऊन. डॉक्टरांनी फिल्म खिडकीशी धरली. "मणक्यात गॅप आहे." बस्स. एक्स-रेत हाडं दिसतात. मधली गादी, नस यांचा पत्ता नाही. नसेवर दाब आहे का ते पाहायचं तर तेव्हा मायलोग्राम : पाठीत सुई घालून मणक्यांच्या पोकळीत औषध सोडायचं आणि मग फोटो. त्यानं पाय लुळे पडतात, असं कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं. अण्णांनी हात जोडले, पट्टा बांधला आणि निवृत्तीपर्यंत खिळे जुळवले.

गेल्या वर्षी माझी पाठ धरली. एमआरआयच्या नळीत अर्धा तास ठणठणाट ऐकला; संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर. दोन गाद्या फुगलेल्या, एक सुकलेली. घरातल्या प्रत्येकानं तो वाचला आणि मला बादली उचलायची बंदी झाली.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. रिपोर्ट बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, १९९४ मध्ये अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय छापून आले होते. निम्म्याहून अधिक लोकांची एखादी तरी गादी फुगलेली होती. फुगलेली दिसली म्हणजे तीच दुखते असं नाही. "काका, एका बोटानं दाखवा."

मी दाखवलं. त्यांनी पाय दुमडून, दाबून, वळवून पाहिला. दोन-तीनदा मी ओरडलो, आणि त्या खूश दिसल्या! त्यांचा संशय गादीवर नव्हताच. कंबरेचं हाड आणि माकडहाडाच्या वरचं हाड जिथं जुळतं, त्या सांध्यावर होता. खात्री करायला यंत्रात बघत त्याच सांध्यात बधिर करणारं औषध सोडलं. "आता घरी जा, नेहमीसारखं वागा, आणि किती दुखतं ते तासातासाला लिहा."

तीन मजले चढलो. काही नाही. खाली वाकून चपला जागेवर ठेवल्या. काही नाही. रात्री औषध उतरलं, कळ परत आली, आणि परत आलेल्या कळेचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा झाला.

दुसऱ्या दिवशी खाकी पाकीट काढलं. फिल्म खिडकीशी धरली. मणके सगळे आहेत, गॅपही आहे. तो सांधा मात्र खालच्या कडेला जेमतेम चिमूटभर आलाय. अण्णांचं बोट जिथं टेकायचं, तिथं फिल्म संपते.