पाठीखाली काय घ्यायचं

सॅक भरताना आता सगळ्यांत आधी माझी झोप आत जाते. तळाशी स्लीपिंग बॅग, तिच्यावर गुंडाळलेली हवेची गादी, मग एका पिशवीत उशीचा अभ्रा, झोपायचे कोरडे मोजे आणि कानात घालायचे बोळे. उरलेल्या जागेत कपडे, शिधा, टॉर्च आणि औषधं. विशीत हे नेमकं उलटं असायचं. पातेली, तांदूळ, कांदे-बटाटे, दोर असं सगळं कोंबून झालं की वर एक चादर बसते का बघायचं, आणि नाही बसली तर राहिली. अंथरूण नावाची वस्तू यादीतच नसे.

आमचं भटकणं सुरू झालं ऐंशीच्या दशकात, डोंबिवलीहून. शनिवारी रात्री शेवटची कर्जत लोकल पकडायची, कर्जतला उतरून पहाटेच्या एसटीपर्यंत फलाटावर वर्तमानपत्र पसरून आडवं व्हायचं. आईला काळजी असायची ती कोण कोण बरोबर आहे याची. ‘अंथरायला काय नेतेस गं?’ हा प्रश्न फक्त आजीनं विचारला. मी हसले होते. सतरंजी पाठीवर घेऊन गड चढणारी पोर आमच्या ग्रुपमध्ये टिकली नसती.

कोथळीगडाच्या गुहेची जमीन चांगली सपाट. तिथे आम्ही ओळीनं झोपायचो, डोकी भिंतीकडे, उशाला सॅक, सॅकचं बक्कल कानाखाली. झोपायचो म्हणजे काय, भेंड्या, मग चहा, मग भुतांच्या गोष्टी. तोरण्यावरच्या मेंगाई देवीच्या देवळात तर त्या गोष्टी जागेसकटच मिळतात, नव्यानं रचाव्या लागत नाहीत. पहाटे कधीतरी डोळा लागायचा आणि उजाडल्यावर आंबलेलं अंग गड उतरता उतरता मोकळं व्हायचं. सोमवारी ऑफिसात ‘काल खडकावर झोपलो’ असं सांगताना आवाज जरा वर चढायचा. त्या बढाईचा मला आता कंटाळा येतो. खडकावर झोपण्यात कर्तबगारी कसली? विशीतली हाडं होती, एवढंच.

ज्यांना घराबाहेर झोपल्यावाचून गत्यंतर नसतं, ती माणसं अंथरुणाबाबत फार चोखंदळ असतात. मुक्कामी एसटीच्या कंडक्टरकडे बघा. शेवटच्या गावात गाडी रात्री नऊच्या सुमारास थांबायची. आम्ही देवळाची ओसरी शोधत असेपर्यंत कंडक्टरनं हिशेब मिटवून मागच्या लांब बाकावर वळकटी सोडलेली असायची. खाली सतरंजी, वर दुहेरी गोधडी, अंगावर सोलापुरी चादर. मच्छरदाणीची दोन टोकं वरच्या सामानाच्या दांडीला, दोन खिडकीच्या गजांना. नाड्या इतक्या ठरलेल्या जागी बांधलेल्या की अंधारात चाचपडायला नको. पहाटे गाडी काढून घाट उतरायचा आहे, तर रात्र नीट गेली पाहिजे, असा सरळ हिशेब. ‘खडकावर झोपलो’ असं सांगून मिरवायची हौस त्यांना नव्हती.

तोरण्याच्या बाजूच्या एका धनगरपाड्यावर एकदा थंडीत मुक्काम पडला. आजी घरात एकट्याच होत्या. आम्ही पडवीत चादरी टाकायला लागलो तर त्या बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. ‘आगं पोरींनो, आशा निजता व्हय? घरी बी आशाच निजता?’ मग त्यांनी भाताचा पेंढा आणला, हातानं झाडून त्यातलं कुसळ काढलं, वीतभर जाडीचा थर केला, त्यावर गोणपाट आणि गोणपाटावर घोंगडी. पायानं दाबून बघितलं, एका कोपऱ्यात आणखी दोन मुठी पेंढा सरकवला. घोंगडीला चिंचोक्याच्या खळीचा वास येत होता आणि ती मानेला टोचत होती. ‘वरनं किती बी पांघरा,’ आजी म्हणाल्या, ‘गार खालनं येतं.’

हे वाक्य मला खऱ्या अर्थानं कळलं हरिश्चंद्रगडावर, डिसेंबरात. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घातली होती, त्याची हुडहुडी रात्रीपर्यंत गेली नव्हती. अंगावर स्वेटर, शाल, मैत्रिणीची चादर, तरी दात वाजत होते, कारण खालचा दगड अंगातली ऊब शोषत होता. स्लीपिंग बॅग आली तेव्हाही हे पुरतं सुटलं नाही. बॅगेची ऊब तिच्यातल्या कोंडलेल्या हवेत असते आणि पाठीखाली ती हवा दाबून निघून जाते, म्हणजे खालची बाजू जवळजवळ नुसतं कापड. म्हणून फोमची मॅट लागते, ज्याला आपल्याकडचे सगळे ट्रेकर कॅरीमॅट म्हणतात. आता अशा मॅटवर आर-व्हॅल्यू छापलेली असते, म्हणजे जमिनीकडे जाणारी ऊब ती किती अडवते त्याचा आकडा. 2018 मध्ये हा आकडा मोजायची एक सामाईक पद्धत ठरली, त्याआधी जो तो आपलंच माप सांगत असे. साध्या फोमचा आकडा एक ते दोनच्या आसपास, बर्फातल्या गाद्यांचा चार-पाचच्या वर. एकावर एक ठेवलेल्या मॅटांच्या आकड्यांची बेरीज होते, हे त्यातलं सगळ्यांत उपयोगाचं. पेंढा, गोणपाट, घोंगडी: आजींनीही बेरीजच केली होती.

आपल्या डोंगरांत खडकावर झोपायची परंपरा सांगायचीच तर ती बौद्ध भिक्खूंपाशी जाते. पावसाळ्याचे महिने एका जागी काढायचा त्यांचा नेम होता आणि सह्याद्रीतल्या विहारांत त्यांच्या खोल्या अजून आहेत. भाज्याला, कान्हेरीला खोलीतच कातळाचा बाक कोरून शय्या केलेली दिसते. अजिंठ्याच्या 12 क्रमांकाच्या विहारात बहुतेक खोल्यांत अशा दोन-दोन शय्या आहेत, उशाकडची बाजू जराशी उंच ठेवलेली. ज्यांना उंची बिछाने वर्ज्य, त्यांच्यासाठी छिन्नीनं उशी काढणारा तो कारागीर मला फार जवळचा वाटतो. भिक्खूच्या चार गरजांमध्ये चीवर, भिक्षा आणि औषध यांच्या बरोबरीनं शयनासन मोजलेलं आहे. सर्वसंगपरित्यागातूनही ही एक गोष्ट वगळता आली नव्हती. (त्या शय्येवर मी झोपून पाहिलेलं नाही. रखवालदार बघत असतात.)

मधली वर्षं घर, नोकरी आणि मुलांच्या परीक्षांत गेली. पन्नाशीच्या तोंडावर पुन्हा डोंगरात जायला लागले तेव्हा पाय कुरकुरतील अशी भीती होती. पाय निमूटपणे चालले. बंड केलं ते खुब्यानं. पाठीवर झोपावं तर कंबर धरते, म्हणून कुशीवर वळावं, तर सगळं वजन खुब्याच्या हाडावर आणि खांद्यावर. वयाबरोबर तिथलं मांस विरळ होत जातं. पूर्वीचीच मॅट, पूर्वीचीच जमीन, आणि मी रात्रभर तव्यावरच्या भाकरीसारखी उलटसुलट. त्यात पाळी जाण्याचे दिवस. हिमालयात यूथ हॉस्टेलबरोबर सार पासला गेलो होतो, तर तंबूत बाकीच्या बायका टोप्या ओढून कुडकुडताहेत आणि मी चेन उघडून घामाघूम. शिवाय उंचीवर श्वासाची निराळीच तऱ्हा. विरळ हवेत शरीर जोरजोरात श्वास घेतं, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मग झोपेत मेंदू काही सेकंद श्वास घ्यायचाच थांबतो आणि माणूस दचकून धापा टाकत उठतो. बहुतेकांना होतं, आणि तरुणांनाही. पण पन्नाशीच्या बाईला ते पहिल्यांदा होतं तेव्हा तिला हार्ट अ‍ॅटॅकच आठवतो.

तिथून उतरल्यावर मी गादीच्या मागे लागले. आपोआप फुगणारी गादी ज्यांनी पहिल्यांदा बनवली ते अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचे, 1970च्या सुमारास बोइंगमधून कमी केलेले इंजिनिअर होते. त्यांतला एकजण बागेत काम करताना फोमच्या तुकड्यावर गुडघे टेकून बसला होता. दाबाखाली फोममधली हवा बाहेर पडते हे त्याला जाणवलं, आणि ती आतच कोंडता आली तर, असा विचार करून त्यांनी फोमला हवाबंद कापडाचं अस्तर चिकटवलं. थर्म-अ-रेस्ट गादी ती हीच. विमानं बनवणाऱ्या माणसाला ही गोष्ट गुडघ्यांमुळे सुचली, हे मला मनापासून पटतं.

माझी गादी नुसत्या हवेची आहे, हलकी आणि चार बोटं जाड. ती वापरायची एक रीत आहे आणि दुकानात कोणी ती सांगत नाही. नवखा माणूस ती टणक होईपर्यंत फुगवतो आणि मग रात्रभर फळीवर झोपल्यासारखा घसरत राहतो. पूर्ण फुगवायची, तिच्यावर कुशीवर आडवं व्हायचं आणि मग हात लांब करून तोटी जराशी सोडायची. फुस्स करून हवा जाते, खुबा खाली बसत जातो. तो जमिनीला टेकणार, एवढ्यात तोटी बंद. अर्धा श्वास जास्त गेला तरी पुन्हा उठून फुगवा. खाली जुनी कॅरीमॅट हवीच, कारण आत ऊब धरणारं काही नसेल तर नुसती हवा थंडीत गार पडते, आणि करवंदीचा काटा गादी कितीची आहे ते बघत नाही. दोन गुडघ्यांमध्ये जाकिटाची गुंडाळी. बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून पायापाशी. उशीच्या अभ्र्यात दुसऱ्या दिवशीचे कपडे; अभ्रा घरचा, धुतलेला नव्हे तर रोजचा, त्याच्या वासानं डोळा लवकर लागतो.

एवढं करून सलग झोप लागते का? नाही. वय वाढतं तशी गाढ झोप कमी होते, पडल्या पडल्या लागते आणि पहाटे तीनला संपते, हे घरच्या पलंगावरही होतंच. शिवाय एकदा उठावं लागतं. रात्री लघवी आवरून धरणारं संप्रेरक उतारवयात मंदावतं, आणि दिवसभर चालून पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर वर येतं. यावर उपाय म्हणजे संध्याकाळी पोचल्याबरोबर अर्धा तास पाय सॅकवर उंच ठेवून पडायचं. हे मला एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं आणि ते खरंच उपयोगी पडतं. पाणी तोडायचं नाही, संध्याकाळचा दुसरा चहा तोडायचा. बूट तंबूच्या आत ठेवायचे आणि घालण्याआधी उलटे करून आपटायचे, विंचवाला वयाशी देणंघेणं नसतं. पूर्वी अशा वेळी शेजारणीला हलवून ‘चल ना, सोबत ये’ म्हणावं लागे आणि ती शिव्या देत यायची. आता टॉर्च घेऊन एकटी जाते. तेवढ्यापुरतं म्हातारपण बरं.

गाद्या तर आता पवनेच्या काठावरच्या तंबूंतही मिळतात, उशा आणि रजयांसकट. भाचरांबरोबर एकदा गेले होते. गादी झकास होती, पण मध्यरात्रीनंतरही चार दिशांनी चार स्पीकर वाजत होते. तिथल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, ‘मावशी, झोपायला इथे कोण येतं?’

आमचा ग्रुप झोपायलाच येतो, असं आता म्हणायला हरकत नाही. बहुतेकांनी साठी ओलांडली आहे. पायथ्याच्या गावातल्या एखाद्या पोराला पैसे देऊन जड सामान वर न्यायला सांगतो, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आठ वाजता जेवण, नऊला सामसूम. अडचण एकच उरली आहे, घोरण्याची. कानातले बोळे मच्छराला आणि वाऱ्याला पुरतात, पण दोन हातांवर घोरणाऱ्या माणसापुढे त्यांचं काही चालत नाही. म्हणून घोरणाऱ्यांचे तंबू वेगळे, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, असा नियम आम्ही केला. पहिल्याच मुक्कामाला असं दिसलं की घोरणारं कोणी नाहीच, सगळ्यांना बाजूच्याचा त्रास होतो. माझे यजमान तर मीच घोरते म्हणतात. पुरावा म्हणून त्यांनी गेल्या मुक्कामात फोन रात्रभर रेकॉर्डिंगवर ठेवला. सकाळी चहाबरोबर ते सगळ्यांना ऐकवलं, तर त्यात दोन सूर निघाले, एक खर्जातला आणि एक शिट्टीसारखा बारीक. तंबूत आम्ही दोघंच होतो. खर्जातला कोणाचा, यावर वाद चालू आहे.