फीडची जागा

रानात मातीची ओल मोजणारं यंत्र बसवायचं म्हटलं की चर्चा होते सेन्सरची आणि बॅटरीची. मोजलेला आकडा घरापर्यंत पोचवतो अँटेना, आणि त्याचा विचार बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी होतो. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याच्या शिवारात, सोयाबीन आणि हळदीच्या रानांत अशी यंत्रं लावताना मी पॅच अँटेना वापरतो. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे: पॅचचा आकार गणितातून मिळतो, पण तो अँटेना म्हणून कसा निपजेल हे फीड, म्हणजे केबलची जोडणी, कुठे आणि कसं दिलं यावर ठरतं.

पॅच म्हणजे धातूचा एक सपाट आयत. त्याच्या खाली इन्सुलेटरचा थर आणि त्याखाली धातूचाच मोठा पत्रा, म्हणजे ग्राउंड प्लेन. १९५३ साली देशां यांनी ही कल्पना मांडली आणि सत्तरच्या दशकात मन्सन आणि हॉवेल यांच्या कामामुळे ती खरी वापरात आली. शेतात मला तो आवडतो त्याचं कारण साधं आहे. ग्राउंड प्लेनच्या मागे बॅटरी, वायरी, लोखंडी खांब काहीही असो, पॅचला त्याचा फारसा त्रास होत नाही. तो आपली शक्ती समोर, गावाच्या दिशेला देतो.

आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा यंत्रांसाठी विनापरवाना खुला आहे. नेहमीच्या १.६ मिलिमीटर जाडीच्या एफआर-४ बोर्डावर या पट्ट्यासाठी पॅचची लांबी साधारण ८२ मिलिमीटर येते. बोर्ड स्वस्त, कुठेही मिळणारा. पण या मालाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक लॉटगणिक बदलतो. तो ४.२ चा ४.६ झाला तर अनुनाद तीस-चाळीस मेगाहर्ट्झ सरकतो आणि तीन मेगाहर्ट्झचा आपला पट्टा हातचा जातो. त्याहून मोठा तोटा म्हणजे इतक्या पातळ एफआर-४ वर निम्म्याहून जास्त शक्ती बोर्ड तापवण्यात खर्ची पडते. अनालायझरवर परतणाऱ्या शक्तीच्या आलेखातली खोल दरी बघून नवखा माणूस खूश होतो. पण परत न आलेली शक्ती हवेत गेलीच असं नाही, ती बोर्डातही मुरलेली असू शकते. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला ही उधळपट्टी झेपत नाही.

म्हणून मी पत्र्याचा पॅच ग्राउंड प्लेनपासून सुमारे दहा मिलिमीटर वर, हवेवर तोलतो. लांबी जवळपास दुप्पट, १६० मिलिमीटरच्या आसपास जाते, पण नुकसान नगण्य होतं आणि पट्टाही पुरेसा रुंद मिळतो. पॅचचा पट्टा रुंदावण्याच्या विषयावर आपल्याच मुंबईत मोठं काम झालं आहे. आयआयटी मुंबईचे गिरीश कुमार आणि समीर संस्थेत काम केलेले के. पी. रे यांचं ब्रॉडबँड मायक्रोस्ट्रिप अँटेनांवरचं पुस्तक २००३ साली आलं. या धंद्यात पडणाऱ्याने ते जवळ ठेवावं.

आता फीड. दार बिजागरीजवळ ढकललं तर जोर फार लागतो आणि दार जेमतेम हलतं. कडेला बोटानेही हलतं. पॅचचंही तसंच आहे. लांबीच्या मध्यावर विद्युतदाब शून्य आणि प्रवाह सर्वाधिक, म्हणून तिथे रोध शून्याजवळ. कडेला दाब जास्त, प्रवाह कमी. तिथे रोध शंभर-दोनशे ओहम, कधी त्याहून जास्त. केबल असते ५० ओहमची. या दोन टोकांच्या मधे, कडेपासून लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर, तिच्याशी जुळणारी जागा सापडते.

मी पत्र्यावर त्या जागेच्या आसपास दोन-दोन मिलिमीटरवर भोकं पाडून ठेवतो. कोॲक्स केबलचं बाहेरचं कवच ग्राउंड प्लेनला, आतली पिन पॅचला डाग देऊन जोडायची आणि अनालायझरच्या स्मिथ चार्टवरचं, म्हणजे रोध दाखवणाऱ्या आलेखावरचं, वर्तुळ बघायचं. ते चार्टच्या मध्याला वेढत असेल तर पिन कडेकडे फार गेलेली असते. मध्यापर्यंत पोचतच नसेल तर फार आत आलेली असते. सगळं वर्तुळ वरच्या अर्ध्यात सरकलं, तर उंच पिनेचा इंडक्टन्स आडवा येतोय असं समजावं. हा इंडक्टन्स खोडून काढायला पिन पॅचला न टेकवता त्याच्या खाली एल आकारात वळवता येते. १९८५ मध्ये पोझार यांनी तर ग्राउंड प्लेनला चीर पाडून, धातूचा सांधाच न ठेवता पॅचला फीड दिलं.

पिन रुंदीच्या बरोबर मध्यरेषेवर हवी. ती बाजूला गेली की नको तो दुसरा मोड जागा होतो. हीच गोष्ट मुद्दाम, मापात केली की उपयोगी पडते: जवळजवळ चौरस पॅचला कर्णावर फीड दिलं की लहरी वर्तुळाकार ध्रुवित होतात. गाडीत १५७५.४२ मेगाहर्ट्झवर जीपीएस ऐकणारे सिरॅमिकचे छोटे पॅच वर्तुळाकार ध्रुवित लहरींसाठीच घडवलेले असतात.

शेवटचं मोजमाप नेहमी डबीचं झाकण लावून, आणि झाकणावर पाणी शिंपडून घ्यावं. प्लास्टिकने वारंवारता थोडी खाली येते, पाण्याच्या थराने आणखी. झाकण आणि पॅच यांच्यात बोटभर मोकळी जागा ठेवली की हा फरक आवाक्यात राहतो. जून ते सप्टेंबर हे पावसाचेच महिने या यंत्राच्या खऱ्या कामाचे. मराठवाड्यातल्या इंजिनीअरिंगच्या मुलांना मी हेच सांगतो: संगणकावरचं सिम्युलेशन जरूर करा, पण पिन हाताने हलवून वर्तुळ कसं सरकतं ते एकदा डोळ्यांनी बघा. ते समजलं की पत्रा, केबल आणि एक डाग एवढ्या सामानावर आपल्या शिवाराला चालेल असा अँटेना तुम्ही स्वतः घडवू शकता.