आईने पाहिलेला वारकरी

गेल्या जानेवारीत एका रविवारी आम्ही घरची सातजणे भाड्याची जीप करून नांदूरमधमेश्वरला गेलो. नाशिकपासून फार लांब नाही, पण इतक्या वर्षांत कुणाचे जाणे झाले नव्हते. आईला मात्र तो भाग पाठ. तिचे माहेर त्याच गोदाकाठचे.

गोदावरी आणि कादवा जेथे मिळतात त्याच्याजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली, लव्हाळे माजले. धरणाच्या दृष्टीने हा तोटाच, पण पक्ष्यांना नेमके हेच हवे असते. १९८६ साली येथे अभयारण्य झाले आणि २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जगाच्या यादीत नाव गेले. अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी येथे नोंदले गेले आहेत.

चापडगावच्या मनोऱ्यावर गावातलाच एक मुलगा दुर्बीण लावून माहिती सांगत होता. तलवार बदक, थापट्या, हिमालयापलीकडून येणारा चक्रवाक. जांभळी पाणकोंबडी पाहून तर आमची पोरे नाचायलाच लागली. मग त्याने आईला पुढे बोलावले. "आजी, तो काळा बघा. कपाळावर पांढरा टिळा. त्याला वारकरी म्हणतात."

आई बराच वेळ डोळा लावून उभी राहिली. मग म्हणाली, "हे तर आम्ही खाल्लंय."

आम्ही वरमलो. सूनबाई हळूच म्हणाली, "आई, इथं वनखात्याची माणसं असतात." पण आई थांबेना. बहात्तरचा दुष्काळ. ती बारा-तेरा वर्षांची. दिवसभर खडी फोडायची आणि कामावर मिळणारी सुकडी खायची. घरी धाकटी भावंडे रडत. तिचे वडील घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास करून रात्री लव्हाळ्यात लावून येत. एखादे पाखरू सापडले तर सहा तोंडांत वाटायचे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा दिल्लीत झाला तोही १९७२ सालीच. आमच्या आजोबांपर्यंत तो कसा पोहोचणार? सुकडीच पुरती पोहोचत नव्हती.

तो मुलगा हसला नाही की रागावलाही नाही. "फास कसा लावायचे, आजी?" एवढेच त्याने विचारले. आईने नातवाच्या बुटाची नाडी सोडली आणि सरकती गाठ मारून दाखवली. साठ वर्षे उलटायला आली तरी बोटे विसरली नव्हती, असे म्हणणार होतो, पण हिशेब केला तर पन्नासच झाली. पोरे डोळे विस्फारून बघत होती.

"तेव्हा अंधारात धरायचे, पिसे काढायची. असा तोंडाकडे कधी बघितलाच नव्हता," आई म्हणाली.

मग तिने गाठ सोडली, नाडी पुन्हा बुटात ओवून नातवाच्या पायात घट्ट बांधली, आणि दुर्बिणीपुढे रांगेत परत जाऊन उभी राहिली.