अम्मीच्या गावावरून जाणारी नाव

गेल्या सप्टेंबरात माझा धाकटा भाऊ आणि भावजय डॅन्यूब नदीतून जहाजाने फिरायला गेले. भाऊ जर्मनीत नोकरीला आहे. हंगेरीतल्या बुडापेस्टला चढायचं आणि सर्बियावरून खाली रुमानियात उतरायचं, अशी ती सहल. तिकिटाचा आकडा ऐकून मी मनात माझे पगार मोजले. चार झाले!

रोज संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा आणि सांगलीत आमच्या स्वयंपाकघरात डॅन्यूब वाहायला लागायची. नदीतलं जहाज समुद्रातल्यासारखं उंच नसतं. लांबी सव्वाशे-एकशेपस्तीस मीटर असते, पण रुंदी साडेअकरा मीटरच्या आसपास, कारण वाटेत ठिकठिकाणी धरणं आणि बंधारे आहेत. तिथे जहाज एका मोठ्या हौदात शिरतं, दारं बंद होतात, पाणी चढवतात किंवा उतरवतात आणि मग जहाज पुढे जातं. त्या हौदाला लॉक म्हणतात. आमची पोरं हे बघताना जेवायची विसरायची. जेवणाचं त्याने आधीच कळवून ठेवलं होतं, त्यामुळे मासे, भाज्या, अंडी मिळत होती. बुडापेस्टला टेकडीवर गुल बाबांची मजार आहे. हे उस्मानी काळातले दरवेश, 1541 साली वारले. बेलग्रेडला सोळाव्या शतकातली बैराकली मशीद आहे, तिथे त्याने जुहर पढली. अम्मी खूश होती. “परदेसातबी अल्लाचं घर हाय,” म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

मग एके दिवशी जहाज रुमानिया आणि सर्बियाच्या मधल्या घाटातून चाललं होतं. दोन्हीकडे उंच डोंगर, मधे रुंद, संथ पाणी. या भागाला आयर्न गेट्स म्हणतात. भाऊ सहज बोलून गेला, “आपा, आत्ता गाइडने सांगितलं, या पाण्याखाली एक तुर्की बेट आहे. अदा कले. धरण बांधलं तेव्हा बुडालं.”

अम्मीच्या हातातली जुडी तशीच राहिली. तिने फोन माझ्याकडून घेतला आणि विचारलं, “और कबरां?”

भावाला उत्तर देता आलं नाही. तो म्हणाला, बघून सांगतो.

हा प्रश्न तिने का विचारला, ते सांगायला साठ-बासष्ट वर्षं मागे जावं लागेल. अम्मीचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. सातारा जिल्ह्यात कोयनेवर धरण झालं, मागे शिवसागर जलाशय भरला आणि खोऱ्यातली कितीतरी गावं पाण्याखाली गेली. कुणाला ठाण्याकडे जमिनी दिल्या, कुणाला रायगड, सोलापूर, सांगलीकडे. अम्मीच्या घरच्यांच्या वाट्याला सांगली जिल्ह्यातला एक माळ आला. ती तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. गावातली मशीद लहान, कौलारू. तिची सागवानी दारं काढून बैलगाडीत घातली होती, ती नव्या वस्तीतल्या मशिदीला बसवली. जातं आणलं, कोंबड्या आणल्या. अम्मीची अम्मी, म्हणजे माझी नानी, त्याच्या दोन वर्षं आधी बाळंतपणात गेली होती. तिची कबर ओढ्याकाठच्या कबरस्तानात होती. ती तिथेच राहिली.

हे आम्हाला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. अम्मी कधी रडून सांगायची नाही. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, आमच्या घरात छातीइतकं आलं. आम्ही सगळे शाळेच्या वरच्या मजल्यावर बसलो होतो. कोयनेतून विसर्ग सुरू असल्याच्या बातम्या मोबाइलवर येत होत्या. तेव्हा ती एवढंच म्हणाली, “माझं गाव गिळून याचं पोट भरलं नाही. इथवर माग काढत आलं.”

भावाने दोन दिवसांनी शोधून सांगितलं. अदा कले पावणेदोन किलोमीटर लांबीचं बेट होतं. तुर्की मुसलमान तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत. गंमत अशी की 1878 च्या बर्लिनच्या तहात या बेटाचा उल्लेख करायचाच राहून गेला, म्हणून कागदोपत्री ते कितीतरी वर्षं उस्मानी सुलतानाचंच राहिलं. लोक तंबाखूचा, मिठाईचा धंदा करत, अंजिरं पिकवत. 1970 च्या सुमाराला धरणाच्या पाण्यात बेट बुडालं. माणसं काही तुर्कस्तानात गेली, काही रुमानियातच पांगली. मशिदीत सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांनी दिलेला भलामोठा गालिचा होता. तो आधीच काळ्या समुद्रावरच्या कॉन्स्टान्सा शहरातल्या मशिदीत नेला होता, तिथे आजही आहे.

“म्हणजे त्यांनी गालिचा नेला, आपण दारं नेली,” अम्मी म्हणाली. मग बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “पोरगा दुसऱ्याच्या बुडलेल्या गावावरून जहाजात गेला. मला माझ्या गावावरून कोण नेईल?”

मेच्या सुट्टीत निघालो. मे मुद्दाम निवडला, कारण उन्हाळ्यात जलाशय खाली जातो आणि जुन्या भिंती, चौथरे दिसतात असं ऐकलं होतं. आम्ही दोघं, दोन पोरं आणि अम्मी. सांगलीहून एसटीने कराडला उतरलो. माझ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगते की कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन मिळतात, म्हणून प्रीतिसंगम. पण आपणच शिकवलेलं आपण किती वेळा बघतो? अम्मीला घाटावर नेलं. कोणतं पाणी कोयनेचं, तिने विचारलं. मी दाखवलं. तिने तिकडच्या पाण्यात हात धुतले, तोंडावर फिरवले आणि म्हणाली, सांगलीत नळाला हेच येतं ना? होय, हेच. उन्हाळ्यात कृष्णा आटली की कोयनेतून पाणी सोडा अशी ओरड सांगलीतच होते. काही पाणी मात्र बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीला उतरतं, वीज करतं आणि कोकणात वाशिष्ठीला मिळतं. तिच्या गावावरचं पाणी दोन्ही दिशांनी जातं, हे ऐकून तिला बरं वाटलं की वाईट, मला समजलं नाही.

रात्री साताऱ्यात नणंदेकडे राहिलो. सकाळी फजर पढून जीप ठरवली आणि कास पठारावरून बामणोलीला उतरलो. सप्टेंबरात कासला फुलं बघायला गर्दी उसळते, मेमध्ये मात्र काळा कातळ आणि वारा. बामणोलीला बोट क्लब आहे. तापोळा, वासोटा, त्रिवेणी संगम असे दरांचे फलक लावलेले असतात, नाव अख्खी ठरवायची. वासोट्याला जायचं तर वनखात्याची परवानगी लागते. आम्हाला यातलं कुठेच जायचं नव्हतं. अम्मीने गावाचं नाव सांगितलं तेव्हा तिथल्या तरुण पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एक वयस्कर नाववाले पुढे आले. “या आजी. माझ्या आजोबांचं घर पण खालीच हाय,” म्हणाले.

पाणी खूप खाली गेलं होतं. भेगाळलेल्या चिखलाची लांब उतरण. अम्मीचे गुडघे ती उतरू देईनात. मग नाववाले काका आणि माझे पती यांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून नावेत ठेवलं. लाइफ जॅकेट घालायला ती तयार नव्हती. “बुरख्यावर हे काय ध्यान?” शेवटी पोरीने घातलं तेव्हा तिनेही घातलं.

इंजिनाचा आवाज फार होता, त्यामुळे बोलणं झालं नाही. मी काठाकडे बघत होते. पाण्याच्या वर तांबड्या मातीचा रुंद पट्टा, त्यावर जंगल. अधूनमधून उंचावर एखादी वस्ती. अर्ध्या-पाऊण तासाने काकांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, “इथंच. यंदा पाणी शिल्लक जास्त हाय. दोन-तीन वर्षांमागं भिंती उघड्या पडल्या होत्या, मी पाहिल्यात. आता खाली असतील वीस-पंचवीस फूट.”

मला रागच आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. आम्ही एवढे हिशेब करून मेमध्ये आलो होतो आणि पाण्याशिवाय काही नव्हतं. अम्मी मात्र समोरचा डोंगर न्याहाळत होती. त्याच्या खांद्यावर एक खाच आहे. त्या खाचेतून सूर्य मावळायचा, म्हणजे मगरिबची वेळ, असं तिने सांगितलं. मग बोट फिरवत फिरवत घरं मांडली: इथे चावडी, इथे ओढा, इथे आमची मशीद, आणि ओढ्याच्या पल्याड... तिचं बोट नावेच्या जरा डावीकडे पाण्यावर थांबलं.

तिला किबल्याकडे तोंड करायचं होतं. इथून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. पण इंजिन बंद केलेली नाव एका जागी राहत नाही. वारा तिला हळूहळू वळवत होता. भाऊ सांगत होता तसंच, डॅन्यूबवर त्याचा किबला आग्नेयेला आणि नदी वळली की पुन्हा मोबाइल काढून बघायचा. काकांनी न सांगता वल्हं घेतलं आणि नावेचं तोंड त्या खाचेकडे धरून ठेवलं. अम्मीने यासीन पढली. तिला ती तोंडपाठ आहे. पोरं एरवी पाच मिनिटं गप्प बसत नाहीत, ती बसली. मग तिने मगफिरतची दुआ मागितली, आधी नानीसाठी, मग एकेका नावाने बाकीच्यांसाठी. काका टोपी काढून बसले होते. दुआ संपल्यावर ते म्हणाले, “आजी, आमच्या आजोबांचं पण नाव घ्या की.” अम्मीने नाव विचारून घेतलं.

डब्यातले पराठे आणि कैरीचं लोणचं आम्ही परतताना खाल्लं, काकांनाही दिलं. त्यांनी भाडं थोडं कमी घेतलं. अम्मीने ते पूर्णच द्यायला लावलं.

सांगलीला पोहोचल्यावर रात्री भावाचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, “अम्मी, पुढच्या वर्षी तू इकडे ये, तुला डॅन्यूबवरून नेतो.” तिने हो-नाही केलं नाही. उलट विचारलं, “त्या बेटावरून गेलास तेव्हा काय पढलास?”

तो म्हणाला, “फोटो काढत होतो, अम्मी.”

अम्मीची एक वही आहे. रोज असरनंतर ज्या मरहूमांसाठी ती दुआ करते त्यांची नावं तीत उर्दूत लिहिलेली आहेत. तिने वही काढली, मला बेटाचं नाव पुन्हा विचारलं. अदा म्हणजे तुर्कीत बेट, कले म्हणजे आपला किल्लाच, मी सांगितलं. तिने नानीच्या नावाखालच्या मोकळ्या जागेत ते लिहिलं आणि त्याच्याखाली, माझ्याकडून अक्षरं तपासून घेत, बामणोलीच्या काकांच्या आजोबांचं.